सोडा आणि व्हिनेगर एकत्र नको
करपलेलं भांडं साफ करायला कुणीतरी त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालायला सांगितलंय. फेस भरपूर येतो, पण दोन्ही एकमेकांचा जोर मारतात. स्टीलच्या भांड्याला नुसता सोडाच घ्या: करपलेला भाग बुडेल इतकं पाणी, त्यात दोन चमचे सोडा, दहा मिनिटं मंद उकळी. कडेने काळे पापुद्रे सुटायला लागले की गॅस बंद करून तसंच निवू द्या, मग लाकडी उलथन्याने खरवडा. ॲल्युमिनियमला मात्र सोडा लावूच नका, भांडं काळं पडतं. तिथे लिंबाचा रस घातलेलं पाणी उकळा. आणि तापलेल्या भांड्यात एकदम गार पाणी ओतू नका हो, पातळ बूड लगेच वाकतं!