मंडळाच्या ग्रुपवरची काकांची लेखमाला: तिथेच ठेवायची की वेगळी काढायची?

समावाली

बडोद्यात आमच्या भागातल्या मराठी घरांचं एक छोटं मंडळ आहे. गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू आणि वर्गणीवरून वर्षातून एकदा कुरबुर, एवढाच व्याप. त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन आहे. म्हणजे कोणालाच नको होतं म्हणून ते माझ्या गळ्यात आलं.

ग्रुपवर एक काका आहेत. पंच्याहत्तरी उलटलेली, सारी नोकरी बांधकामाचे नकाशे काढण्यात गेली. टाळेबंदीत त्यांनी जुन्या बडोद्यावर लिहायला घेतलं ते अजून चालूच आहे. मांडवीपासून निघाले, लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट असे चारी दरवाजे केले, मग न्यायमंदिर, सूरसागर, रावपुरा, आणि सध्या दांडिया बाजारात रेंगाळलेत. रोज पहाटे एक भाग. भागांनी शंभरी कधीच ओलांडली. फॉरवर्ड एकही नाही, सगळं स्वतःचं. हे मुद्दाम सांगते, कारण तक्रार करणाऱ्यांमध्ये रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवणारे लोकच पुढे आहेत.

कुरकुर आधीपासून होती, पण ठिणगी पडली ती २०२४च्या पुरात. गोकुळाष्टमीला पाऊस लागला आणि पुढच्या दोन दिवसांत विश्वामित्री नदीने काळा घोडा पुलापाशी पस्तीस फूट ओलांडले. तिथे धोक्याची पातळी सव्वीस. वीज गेलेली, तळमजल्यावरचे लोक वर शेजाऱ्यांकडे, ग्रुपवर एकच धांदल: दूध कुणाकडे आहे, अमक्या आजींचं इन्सुलिन कोण पोचवेल, मगर खरंच दिसली की व्हिडिओ जुना आहे. त्यात पहाटे काकांचा भाग आला. विषय आजवा, सयाजीराव महाराजांनी तो तलाव का बांधला, त्याचे ६२ दरवाजे कसे चालतात, आणि शहराला पाणी पाजणारा हाच तलाव भरला की नदी का फुगते. स्क्रोल करता करता बोट दुखावं एवढा लांब. एका दादांनी लिहिलं, "काका, आमच्या घरात पाणी आहे आणि तुम्ही इतिहास सांगताय?" काका दोन आठवडे गप्प राहिले.

माझं मत विचाराल तर त्या दिवशी तो भाग तिथे नको होता. पण बाकीच्या दिवसांचं काय? रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याचा भाग आठवतो. भिंतीवरच्या चित्रांबद्दल काकांनी लिहिलं होतं, वाडा पुरातत्त्व खात्याकडे कसा गेला तेही. त्याखाली दिवसभर उत्तरं येत होती. कुणाचा मामा त्याच गल्लीत राहायचा, कुणी पिठाची गिरणी कुठे होती ते सांगितलं, एका गुजराती जावयाने पोळीचं, म्हणजे तिथल्या गल्लीचं, नाव चुकलंय म्हणून दुरुस्त करून दिलं. काकांनी पुढच्या भागात ते घेतलंही. मला विचाराल तर लेखापेक्षा ती उत्तरंच मोलाची.

आता बैठकीत तीन सूचना आल्या आहेत. एक, जसं चाललंय तसं चालू द्या. दोन, "साहित्य-संस्कृती" असा वेगळा ग्रुप काढा. तीन, काकांना त्यांचं स्वतःचं व्हॉट्सॲप चॅनल काढून द्या. चॅनलवर वाचणाऱ्याला अंगठा दाखवता येतो, उत्तर लिहिता येत नाही, म्हणजे ती गिरणी आणि तो जावई गेलेच. दुसऱ्या सूचनेबद्दल मला नीट ठरवता येत नाहीये. तुमच्याकडे असं झालंय का? काय केलंत?

बडोद्याचा_पण_पुण्यात

वेगळा ग्रुप काढा. यात विचार करण्यासारखं काय आहे?

मी आईवडिलांच्या सोसायटीच्या ग्रुपवर फक्त एका कारणासाठी आहे: तिकडे काही झालं तर मला कळावं. तिथेही एक गृहस्थ रामायणावर क्रमशः लिहितात. चांगलं लिहितात, मला मान्य आहे. पण दिवसाला तीन लांब संदेश आले की माणूस ग्रुप म्यूट करतो. आमच्या शेजारच्या काकू गेल्या, अंत्ययात्रेची वेळ ग्रुपवर आली, ती दोन कांडांच्या मध्ये अडकली. मी संध्याकाळी पाहिलं. बाबांना ऐकू कमी येतं, त्यांना दारावरची हाकही कळली नाही. काकू मला लहानपणी शाळेतून घरी आणायच्या.

लेख उद्या वाचला तरी चालतो. तसली बातमी उद्या वाचून उपयोग नाही. ज्याला उशीर चालतो त्याने बाजूला व्हावं.

लष्करची_सून

आमच्याकडे ग्वाल्हेरला नेमकं हेच केलं. मराठी मंडळाचा ग्रुप, त्यात एक मावशी शिंदेशाहीतल्या सणावारांवर लिहायच्या. लोक कंटाळले, वेगळा ग्रुप निघाला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पाठोपाठ निम्मे बाहेर पडले. उरले ते मावशींचे भाचे आणि मी. मावशींनी आठ-दहा भाग लिहिले, मग "तब्येत बरी नाही" म्हणाल्या. तब्येत ठणठणीत होती हो. मुख्य ग्रुप आता अगदी स्वच्छ आहे, त्यावर फक्त वाढदिवसाचे केक असतात.

पुण्याच्या दादांचं दुःख खरं आहे, पण औषध चुकीचं. निधनाची बातमी केकमध्येही हरवते.

जुना_मोडेम

हे भांडण व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचं आहे. इंटरनेट घरोघरी येण्याआधी युझनेट होतं, विषयवार गट असायचे. १९८६-८७ मध्ये त्या सगळ्या गटांची नावं बदलून फेरमांडणी झाली आणि सात मोठे विभाग केले: संगणक, विज्ञान, समाज, करमणूक वगैरे. वादावादीचे गट "टॉक" विभागात. हेतू साधा होता. एका संगणक केंद्रातून दुसऱ्याकडे संदेश वाहून न्यायला फोनचे पैसे पडत, तेव्हा ज्या केंद्राला वादाचे विषय नको असतील त्याने तो एक विभाग घेऊ नये.

पुढचं ऐका. ब्रायन रीड नावाचे एक गृहस्थ पाककृतींचा गट चालवत. नव्या मांडणीत त्यांच्या गटाचं नाव बदलून करमणुकीखाली, खाद्यपदार्थांच्या पोटात टाकलं. त्यांना ते रुचलं नाही. १९८७ मध्ये त्यांनी आणि आणखी काही जणांनी मिळून "ऑल्ट" नावाचा वेगळाच विभाग उघडला, कोणाची परवानगी न घेता. बघता बघता ऑल्टचा पसारा अफाट वाढला. तेव्हा काकांची जागा परस्पर ठरवाल तर जपून. माणसं निघून जातात आणि कधीकधी सोबत अर्धा बाजारही नेतात.

तांत्रिक बाजू: व्हॉट्सॲपमध्ये "कम्युनिटी" करता येते. त्यात एक घोषणांचा ग्रुप आपोआप मिळतो, तिथे फक्त ॲडमिन लिहू शकतात. निधन, पाणी, वीज, डॉक्टर हे तिथे टाका. गप्पांच्या ग्रुपवर काका राहू देत. लेखाला हलवण्याऐवजी निकडीच्या गोष्टी हलवा. एका ग्रुपमध्ये तीन संदेश पिन करता येतात, जास्तीत जास्त तीस दिवस, त्याचाही वापर करा.

समावाली

@जुना_मोडेम, उलटं हलवायचं हे आमच्या बैठकीत कोणाच्याच डोक्यात आलं नाही. सगळे काकांनाच उचलायला निघाले होते. पण एक अडचण आहे. आमच्याकडे मधे कुणीतरी फोन भरतो म्हणून "नव्वद दिवसांनी संदेश नाहीसे" हे चालू करून ठेवलं होतं. ते मी बंद केलं, तरी मधल्या काळातले भाग ग्रुपवरून गेले. काकांकडे वहीत आहेत. उत्तरं मात्र कुणाकडेच नाहीत.

पेटीवाली_ग्रंथपाल

शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, आता निवृत्त आहे, बडोद्याचीच. इथे सगळे "जागा कुठली" यावर भांडताय म्हणून लिहिते.

आपल्या गावात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी फार गंभीरपणे हाताळला गेलाय. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं. त्यांनी ड्यूई आणि कटर या दोन अमेरिकन ग्रंथपालांच्या, पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धती एकत्र करून बडोद्याचं वेगळं वर्गीकरण बसवलं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरशीवरून चालायला भीती वाटते ना, त्याच लायब्ररीसाठी. तेव्हाच फिरती ग्रंथालयंही सुरू झाली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची. वाचक येत नाही तर पेटी जाईल.

आता मुद्दा. पुस्तक एकाच फळीवर राहतं, त्याला इलाज नाही. पण त्याची कार्डं लेखकाच्या नावाने, विषयाने, शीर्षकाने अशी हवी तितकी करता येतात. काकांचा भाग रोजच्या ग्रुपवरच येऊ द्या, ती पेटी. आणि त्याचं कार्ड करा: एका साध्या गूगल डॉकमध्ये भाग, तारीख, जागेचं नाव, आणि खाली आलेली उत्तरं चिकटवलेली. लिंक ग्रुपच्या माहितीत टाका. तांबेकर वाडा रावपुऱ्यात शोधणाऱ्यालाही सापडला पाहिजे आणि भित्तिचित्रं शोधणाऱ्यालाही. कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची चित्रं त्याच यादीत शेजारी येतील, मग काकांनाही पुढच्या भागाचा विषय मिळेल.

रोज मात्र नको. पेटीसुद्धा रोज नाही बदलत.

बडोद्याचा_पण_पुण्यात

घोषणांचा ग्रुप वेगळा असेल तर माझी हरकत नाही. तो मी म्यूट करणार नाही, बाकीचा करणारच.

एक विचारू? एवढं सगळं चाललंय, काकांना कुणी विचारलं का?

समावाली

विचारलं. काल संध्याकाळी घरी जाऊन. चहाबरोबर लिलो चिवडा, आणि बैठकीत कोण काय म्हणालं याची सगळी बातमी त्यांच्याकडे आधीच होती. वेगळ्या ग्रुपचं नाव काढल्यावर म्हणाले, "नळाला पाणी कधी येणार हे जिथे विचारतात, आजव्याची गोष्ट मी तिथेच सांगणार. साहित्यवाल्यांना आजवा कशाला हवाय?" चॅनलचं नाव मी काढलंच नाही.

बऱ्याच घासाघिशीनंतर आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, यावर तयार झाले. पूर आला, कोणी गेलं, तर तो भाग पुढे ढकलायचा, हेही कबूल केलं, पण ठरवणार कोण यावर अडलं. ते म्हणतात मी, मी म्हणते ॲडमिन. हे लेखी नको, फोनवर विचारत जा, असं काकूंनी आतून सांगितलं.

घोषणांचा ग्रुप आज दुपारी काढला. तासाभरात दोघांनी मला खाजगीत सुप्रभात पाठवून विचारलं, तिथे फुलं का टाकता येत नाहीत. त्यांना कुठे हलवायचं ते सांगा आता.

@पेटीवाली_ग्रंथपाल, यादीचं काम माझी लेक करणार आहे. काकांच्या वह्या तेरा-चौदा असाव्यात, अक्षर नकाशावाल्यांचं, त्यामुळे वाचता येतंय. गेलेल्या उत्तरांसाठी एक युक्ती सुचली: ज्यांनी संदेश नाहीसे होण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून ठेवलं असेल त्यांच्याकडून ती फाइल घ्यायची. गुजराती जावयाने होकार दिलाय. त्याच्याकडे सगळं आहे म्हणे, तो काहीच डिलीट करत नाही.