उ: भागून बघावं लागतं का?
वरती कोणीतरी म्हटलंय की ४ कोटी १० लाख अंकी संख्या मूळ आहे हे ठरवायला वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागत असणार, तर तसं अजिबात नाहीये, तसं करायला घेतलं तर विश्वाचं आयुष्यसुद्धा पुरणार नाही. २०२४ साली सापडलेली ही संख्या म्हणजे २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, आणि या 'वजा १' मुळेच लुकास-लेमर टेस्ट (अशी संख्या मूळ आहे की नाही हे न भागता तपासायची पद्धत) लावता येते. ती इतकी सुंदर आहे की प्रत्येकाने एकदा तरी हाताने करून बघावी!

१२७ घ्या, म्हणजे २ चा ७ वा घात वजा १. सुरुवात ४ पासून, दरवेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि १२७ ने भागून फक्त बाकी ठेवायची: ४, १४, ६७, ४२, १११, आणि पुढे थेट ०. घातांकापेक्षा २ कमी, म्हणजे ५ पायऱ्यांनंतर शून्य आलं की संख्या मूळ, नाही आलं तर नाही. २०४७ ला (२ चा ११ वा घात वजा १) नवव्या पायरीला शून्य येत नाही, कारण ती २३ गुणिले ८९ आहे, पण गंमत म्हणजे हे अवयव माहीत नसतानाही टेस्ट बरोब्बर सांगते.