डिझेल पिकअपचा नवा पंपही निकामी होऊ नये म्हणून काय करावे?

प्रश्न: इंदूरच्या चोइथराम मंडीत कांदा पोहोचवणाऱ्या माझ्या पिकअपचा उच्चदाब डिझेल पंप निकामी झाला असून फिल्टरमध्ये धातूचा चुरा सापडला आहे. केवळ पंप बदलून भागेल का?

उत्तर: नाही, दादा. या पंपाला वंगण मिळते ते डिझेलमधूनच. त्यामुळे डिझेलमध्ये पाणी शिरले की आतले भाग झिजतात आणि तो चुरा रेलमधून (उच्चदाबाचे डिझेल वाटून देणारी जाड नळी) थेट इंजेक्टरपर्यंत (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) जातो. टाकी, नळ्या आणि रेल स्वच्छ न करता, इंजेक्टर न तपासता नवा पंप बसवलात, तर तोही जाण्याची भीती आहे.

दुसरे उत्तर: पावसाळ्यात फिल्टरखाली साचलेले पाणी नियमित काढा. रॉकेल मात्र मुळीच मिसळू नका, त्याने वंगण आणखी घटते.

प्रश्नकर्ता: टाकी उतरवली; तळाशी पाणीच होते. इंजेक्टर उद्या तपासायला देतो. आभारी आहे.