मदत हवी आहे: पदरचे पैसे भरून रसेल विल्सनला सोडलं का?

मंडळी, अमेरिकन फुटबॉल नियमित बघणारं कुणी आहे का इथे? एक हिशोब काही केल्या डोक्यात शिरत नाहीये.

डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाने २०२२ मध्ये सिअ‍ॅटलकडून क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) विल्सनला घेतलं, वर पाच वर्षांचा सुमारे २४.५ कोटी डॉलरचा वाढीव करार दिला. पहिला मोसम पार पाण्यात, ५ विजय नि १२ पराभव. पण २०२३ मध्ये २६ टचडाउन पास (गुण मिळवून देणाऱ्या फेकी), इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या फेकी) फक्त ८. काय वाईट होतं त्यात? तरी प्रशिक्षक शॉन पेटनने शेवटचे दोन सामने त्याला बाकावर बसवलं आणि मार्च २०२४ मध्ये संघाने त्याला मोकळं केलं. सॅलरी कॅपवर (संघाच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेवर) साधारण ८.५ कोटी डॉलरचा बोजा, तोही दोन मोसमांत विभागून. पिट्सबर्गला मात्र तो किमान पगारात मिळाला, बाकीचे पैसे डेन्व्हरच्याच खिशातून!

दुखापत झाली असती तर आणखी ३.७ कोटी गळ्यात पडले असते, म्हणून बसवला, अशी तेव्हा चर्चा होती. ते पटतं. पण मग सोडण्यामागे पैसा जास्त, की पेटनच्या पद्धतीत तो बसत नव्हता हे? आणि खेळाडू गेल्यावरही त्याची रक्कम कॅपवर का राहते? जाणकारांनी जरा उलगडून सांगा ना.