रिचार्ज वाढला, रेंज गेली: सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

जुलै 2024 मध्ये खाजगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. तेव्हापासून आमच्या घरातल्या चार फोनांचा खर्च वीजबिलाच्या बरोबरीला आलाय. त्यात यांचा महिना 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला 13 रिचार्ज. पैशांपेक्षाही मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. जुळे सोलापुरात आमच्या इमारतीत आई आतल्या खोलीत असली की तिचा फोन लागतच नाही, आणि पुण्याहून भावाला शेजाऱ्यांकडे चौकशी करावी लागते. तुमच्या भागात काय चाललंय? तक्रार केली असेल तर पुढे काय झालं तेही सांगा. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

विडी घरकुलातून –
ताई, आमच्या सासूबाई विड्या वळतात. बटणांचा फोन आहे, नेट कशाशी खातात ते त्यांना माहीत नाही. तरी दर वेळी नेटसकट पॅक मारावा लागतो. लाडकी बहीणच्या ई-केवायसीला मी गेले तेव्हा आधारला त्यांचाच नंबर जोडलेला, म्हणून त्यांनाही सोबत नेलं. सेंटरवर बसून राहिलो. ओटीपी यायचा तो मुदत संपल्यावर, परत पाठवला की परत तेच. शेवटी रस्त्यावर येऊन फोन धरला तेव्हा काम झालं. दिवस गेला, त्या दिवशी हजार विड्यांची मजुरी बुडाली. ती कोण भरून देणार?

नवी पेठ, मोबाईल दुकान –
वहिनी, सासूबाईंसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक मागा. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना असे पॅक ठेवणं बंधनकारक केलं, मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. ॲप उघडल्यावर लगेच दिसत नाहीत, खाली जाऊन शोधावे लागतात. दुकानदाराला नाव घेऊन विचारा. तसाच 30 दिवसांचा पॅकही प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, तो आदेश 2022 चा आहे. पण खरं सांगतो, नेट काढून घेतलं त्या मानाने पैसे कमी केलेले नाहीत. म्हाताऱ्या माणसांना पॅक मारून देताना मलाच वाईट वाटतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसी –
आमचा टॉवेलचा कारखाना. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज कमी येणार, हे मान्य. पण आता दारात उभं राहूनही आवाज तुटतो. माल भरायला आलेला टेम्पोवाला बाहेर थांबून फोन लावतोय, आणि आत आम्ही त्याचीच वाट बघतोय, असं होतं. लाईट गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते. वैतागून 1900 ला मेसेज टाकला, नंबर पोर्ट केला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. लाईट गेल्यावर पुन्हा तेच! मग कळलं, दोन्ही कंपन्यांची यंत्रं एकाच टॉवरवर आहेत. आता 90 दिवस परत बदलताही येत नाही. पोर्ट करायच्या आधी त्याच भागातल्या दोन-चार लोकांना विचारा, लाईट गेल्यावर कुणाचा फोन चालतो ते. कामगारांचे फोन बघितले असते तरी मला कळलं असतं.

बाळे –
गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर काड्या फुल, फोन मात्र लागत नाही. पोरगं चुकलं तर काय करायचं?

टॉवरच्या कामावर होतो, म्हणून सांगतो –
काड्या म्हणजे सिग्नल किती जोराचा येतोय ते. एका टॉवरवर एका वेळी किती जणांना जागा मिळते, हे त्यातून कळत नाही. गर्दी झाली की जागाच उरत नाही. दरवर्षी ठरलेल्या तारखांना भरणाऱ्या यात्रेसाठी तात्पुरते फिरते टॉवर उभे करता येतात, ते वाढवायला हवेत. जुळे सोलापूरच्या ताईंना एक उपाय: घरात वायफाय असेल तर आईंच्या फोनवर वायफाय कॉलिंग सुरू करून बघा. आणि 5जी बंद करून 4जीवर ठेवा. 5जीच्या वरच्या लहरी स्लॅब-भिंतींतून फारशा आत येत नाहीत.

होटगी रोड, निवृत्त शिक्षक –
मी शेवटपर्यंत पाठपुरावा केला, म्हणून सविस्तर लिहितो. कस्टमर केअरला नुसतं बोलून थांबू नका, तक्रार क्रमांक घ्याच. माझी तक्रार 'निकाली काढली' असा मेसेज आला, प्रत्यक्षात कुणी फिरकलंही नव्हतं. ट्राय एकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. कंपनीतच अपील प्राधिकरण असतं, तिथे 30 दिवसांच्या आत अपील करायचं. त्याला पैसे लागत नाहीत, आणि त्यांनी 39 दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपील केल्यावर मात्र इंजिनिअर घरी आला, खोलीखोलीत मोजून गेला. आता हॉलमध्ये बोलता येतं, मागच्या खोल्यांत अजून काही नाही. तेवढ्यावर मी गप्प बसणार नाही. आमच्या बाजूचे कुणी असाल तर आधी आपापली तक्रार नोंदवा आणि कोणत्या चौकाजवळ राहता ते इथे लिहा. सगळ्यांचं मिळून एक पत्र मी तयार करतो, सह्यांना रविवारी सकाळी या.