कार्व्हालो मोठा की पेपे? आणि २०११ चं काय?

बचावफळी
पेपे २०२४ मध्ये फुटबॉलमधून निवृत्त झाला तेव्हा ‘पोर्तुगालचा आजवरचा सर्वश्रेष्ठ बचावपटू’ हे विशेषण खूपदा वाचलं. पेपेबद्दल आदर आहेच. पण पोर्तुगालचाच दुसरा बचावपटू रिकार्डो कार्व्हालोचं नाव कुणाच्या तोंडी येईना, म्हणून हा धागा.

माझ्या मते त्या पिढीत कार्व्हालोइतका डोक्याने बचाव करणारा दुसरा पोर्तुगीज नव्हता. उंची १८३ सेंमी, सेंटर बॅकसाठी (मधल्या बचावपटूसाठी) ती फार नाही. वेगही बेताचा. पण पास कुठे जाणार हे त्याला आधी कळायचं, त्यामुळे जमिनीवर लोळून टॅकल करायची वेळ फारशी यायचीच नाही. पोर्तो या त्याच्या क्लबने त्याला लेसा, सेतुबाल आणि अल्व्हेर्का या क्लबांना लोनवर (उसना) धाडलं होतं. मग प्रशिक्षक म्हणून मोरिन्यो आला आणि २००३ मध्ये यूएफा कप, २००४ मध्ये चॅम्पियन्स लीग. त्या मोसमातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून यूएफाने त्यालाच निवडलं.

युरो २००४ ही युरोपातल्या देशांची स्पर्धा आठवा. सलामीला ग्रीसने २-१ असं हरवल्यावर पोर्तुगालचा प्रशिक्षक स्कोलारीने फर्नांडो कोउतोसारख्या ज्येष्ठ खेळाडूला बसवून कार्व्हालोला घेतलं. पुढच्या पाच सामन्यांत पोर्तुगालने चारच गोल खाल्ले, त्यातला एक तर स्वयंगोल. लिस्बनच्या फायनलमध्ये खारिस्तेआसचा तो एक हेडर सोडला तर ग्रीसला काय मिळालं?

सहावानंबर
असहमत. चेल्सीच्या, म्हणजे पोर्तोनंतरच्या त्याच्या इंग्लिश क्लबच्या, २००४-०५ च्या मोसमाचा दाखला आता येईलच (३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले), म्हणून आधीच लिहितो. मागे गोलरक्षक चेक, शेजारी टेरी, पुढे मॅकेलेले. कार्व्हालो नसायचा तेव्हा गॅलास मध्ये खेळायचा आणि भिंत तशीच उभी राहायची. ते श्रेय संघाचं.

आणि ‘डोक्याने खेळणारा’ म्हणताना २००६ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल विसरू नका. फ्रान्सच्या ऑन्रीला पाडलं कुणी? कार्व्हालोने. झिदानने पेनल्टी मारली, ०-१, पोर्तुगाल घरी. पेपेचे १४१ आंतरराष्ट्रीय सामने, तीन चॅम्पियन्स लीग आणि युरो २०१६ च्या फायनलमध्ये सामनावीर. कार्व्हालोचे सामने ८९.

बचावफळी
@सहावानंबर, ऑन्रीचं मान्य, ती चूक महागात पडली. पण त्याआधी क्वार्टर फायनलमध्ये इंग्लंडच्या रुनीला लाल कार्ड मिळालं ते कार्व्हालोवर पाय दिल्यामुळे. तोवर त्याने रुनीला जागाच दिली नव्हती, त्या त्राग्यातून ते झालं असं मला वाटतं. राहिली सामन्यांची संख्या. पेपे ४१ व्या वर्षापर्यंत खेळला, त्याचं कौतुकच आहे. पण किती खेळला आणि कसा खेळला हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

कुंभारवाडा
खेळाचं राहू द्या. मला त्याचं २०११ पचत नाही. सायप्रसविरुद्धच्या पात्रता सामन्याआधी आपण पहिल्या अकरात नाही हे कळल्यावर तो राष्ट्रीय संघाचा कॅम्प सोडून निघून गेला. तेव्हाचा प्रशिक्षक पाउलो बेंतोने त्याला जाहीरपणे पळपुटा म्हटलं आणि फेडरेशनने वर्षभराची बंदी घातली. तेहतीस वर्षांचा माणूस, मोठमोठ्या फायनल पाहिलेला, रेआल मॅड्रिदचा खेळाडू. ज्याच्याकडे पोरांनी बघायचं, तोच बॅग भरून चालता झाला! गल्लीतल्या संघातही आम्ही अशाला परत घेतलं नसतं.

म्हापशेकर
आमच्याकडे गोव्यात कार्व्हालो हे आडनाव ओळखीचं, आणि पोर्तुगालचा सामना असला की रात्र जागवणारे आजही आहेत. मीही त्यातलाच. युरो २०१६ ची फायनल आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली होती.

@कुंभारवाडा, २०११ मध्ये तो चुकला, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१४ मध्ये नवा प्रशिक्षक फर्नांडो सँतोसने त्याला परत बोलावलं. युरो २०१६ मध्ये तो ३८ वर्षांचा होता. आइसलँड, ऑस्ट्रिया, हंगेरी, गटातले तिन्ही सामने खेळला. मग बाद फेरीपासून त्याच्या जागी फोन्ते आला. म्हणजे पाच वर्षांपूर्वी जे झालं तेच पुन्हा, तेही मोठ्या स्पर्धेच्या मधोमध. या वेळी तो थांबला. फायनलपर्यंत बेंचवर बसला. मला तो माणूस तिथे जास्त मोठा वाटला.

सहावानंबर
@म्हापशेकर, थांबला हे खरंच चांगलं. पण त्याला काढल्यावर काय झालं तेही बघा. तो असताना तीन सामन्यांत चार गोल, तो नसताना चार सामन्यांत एक. पेपे मात्र दोन्हीकडे होता.

बचावफळी
हंगेरीचा ३-३ चा सामना धरून हा हिशोब बरोबर नाही. झुजाकचे दोन्ही गोल पोर्तुगालच्याच खेळाडूंना लागून दिशा बदललेले होते. ऑस्ट्रियाला तर एकही गोल मिळाला नाही.

कुंभारवाडा
म्हापशेकर, तुमचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. फोन्ते आल्यावर तो बसून राहिला, हे मी त्या वेळी लक्षातच घेतलं नव्हतं. तरीही माझ्या अकरात मी पेपेलाच घेईन. बेंतोच्या जागी मी असतो तर कार्व्हालोला २०११ नंतर कधीच बोलावलं नसतं, आणि बेंतोनेही नाहीच बोलावलं.

म्हापशेकर
नाहीच बोलावलं. म्हणून तर सँतोसचं कौतुक. आणि दोघांनाच घ्यायचं असेल तर मी पेपे आणि कार्व्हालो शेजारी शेजारी उभे करीन. मॅड्रिदने २०११-१२ मध्ये १०० गुण मिळवून ला लिगा (स्पेनची लीग) जिंकली तेव्हा दोघे एकाच संघात होते.