मदत हवी आहे: वळवाच्या ढगांमागे जाणाऱ्या आमच्या गटात एकमेकांना कमी लेखणं वाढलंय, काय करावं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण थोडी पार्श्वभूमी दिल्याशिवाय नीट सल्ला मागता येणार नाही. मी सांगलीत राहते, बँकेत नोकरी करते. वळवाच्या दिवसांत, म्हणजे मार्चअखेरपासून मृग लागेपर्यंत, आभाळ भरून यायला लागलं की गाडी काढून ढगांच्या मागे जाणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. सांगली, मिरज, तासगाव, कवठे महांकाळ आणि पलीकडे कराड-साताऱ्याची मंडळी त्यात आहेत. कुणी मोठा कॅमेरा आणतं, कुणी मोबाईलवर टाइमलॅप्स लावतं, कुणी नुसतं बघायला येतं. अमेरिकेतल्या स्टॉर्म चेसिंगचंच हे आपल्याकडचं रूप. तिथल्यासारख्या टोर्नेडोंमागे, म्हणजे ढगातून जमिनीला टेकणाऱ्या गरगरत्या सोंडांमागे, आम्ही जात नाही. पण मिरजेच्या पूर्वेला उघड्या माळावर उभं राहून जतच्या बाजूने चढत येणारा गडगडाटी ढग एकदा पाहिला, त्याचा माथा बारा-चौदा किलोमीटर उंचीवर जाऊन आडवा पसरताना पाहिला, की पुढच्या उन्हाळ्याची वाट बघणं सुरू होतं.

अडचण गटातल्या वातावरणाची आहे. गेल्या काही हंगामांत तिथे प्रत्येकाला एक पायरी ठरवून दिल्यासारखं झालंय. कॅमेरेवाले मोबाईलवाल्यांना मोजत नाहीत. ज्यांना रडारचं चित्र वाचता येतं ते बाकीच्यांना ‘अंदाजपंचे’ म्हणतात. घरच्या गच्चीवरून फोटो टाकणाऱ्या बायकांना ‘गच्चीवाल्या’ असं नाव पडलंय. लहान मुलं घरात ठेवून त्या कुठे भोसे-सलगरेपर्यंत जाणार, याचा विचार कुणी करत नाही. साताऱ्याचे म्हणतात, ‘तुमच्याकडे सपाटी आहे, ढग आपोआप दिसतो, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर येऊन दाखवा.’ आमच्याकडचे त्यावर ‘तुम्ही पवनचक्क्यांचे फोटो काढता, ढगांचे नाही’ असं ऐकवतात. चांगली जागा सापडली की ती सांगायची नाही, सांगितलीच तर फक्त आपल्या तिघाचौघांत. हे एवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. चढाओढ कुठल्या छंदात नसते?

पण दोन गोष्टी अशा घडल्या की आता गप्प राहवत नाही.

पहिली गोष्ट तासगावकडच्या एका काकांची. त्यांची बेदाण्याची शेड आहे. वय साठीच्या पुढे, गटात क्वचित काही टाकतात. एका संध्याकाळी त्यांनी गारांचा फोटो टाकला. तळहातावर तीन गारा, एक अर्धवट वितळलेली, आत पांढरट गाभा आणि त्याभोवती काचेसारखा स्वच्छ थर. मागे शेडची हिरवी जाळी. ज्याला वाचता येतं त्याला त्या फोटोत पुष्कळ काही होतं. पांढरा थर म्हणजे पाण्याचे थेंब लागताक्षणी गोठले आणि हवा आत अडकली. स्वच्छ थर म्हणजे पाणी भरपूर होतं आणि सावकाश गोठलं. म्हणजे ती गार ढगात वेगवेगळ्या परिस्थितीतून फिरून आली होती, वर नेणारा झोत जोरदार होता. पण पहिला प्रतिसाद काय आला? ‘काका, फोकस गेलाय.’ दुसरा, ‘हात हलला वाटतं.’ मग हसण्याच्या चिन्हांची रांग. गारा कुठे पडल्या, किती वाजता, किती वेळ, ढग कुठल्या दिशेला सरकतोय, हे एकानेही विचारलं नाही. मी विचारलं तोवर काकांनी फोटो काढून टाकला होता.

त्यानंतर ते गटात काही लिहीत नाहीत. ज्यांना आपल्याकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: द्राक्षं सुकायला रॅकवर टाकली की दोनेक आठवडे ती तिथेच असतात आणि त्या दिवसांत पावसाचे शिंतोडे आत आले तर बेदाणा काळा पडतो, भाव कोसळतो. अर्धा तास आधी कळलं तर बाजूचे कागद सोडून बांधता येतात. आम्ही गोव्याच्या रडारचं चित्र बघतो, पण सांगली तिथून सरळ रेषेत साधारण पावणेदोनशे किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा सगळ्यात खालचा किरणसुद्धा इथे पोचेपर्यंत जमिनीपासून तीनेक किलोमीटर वर गेलेला असतो. ढगाच्या पोटाखाली काय चाललंय ते तिथल्या माणसानेच सांगावं लागतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप विजा दाखवतं, गारा दाखवत नाही. मणेराजुरीत गार पडली हे सावळजच्या माणसाला त्याच वेळी कळणं, यासाठी आमच्या गटाचा खरा उपयोग होता. काकांसारखी माणसं गप्प झाली की तो संपतो.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. गटात कॉलेजात शिकणारा एक मुलगा आहे, मला ताई म्हणतो. त्याने एकदा ढगाखाली लोंबणाऱ्या चिंध्यांचा फोटो ‘फनेल दिसला’ म्हणून टाकला. फनेल म्हणजे ढगातून खाली उतरणारी, गरगर फिरणारी सोंड. ते फनेल नव्हतं. पावसाने गार आणि दमट झालेली हवा वर उचलली गेली की असे फाटके ढग तयार होतात, लांबून ते सोंडेसारखे दिसतात, पण गोल फिरत नाहीत. एवढं दोन ओळींत सांगता आलं असतं. त्याऐवजी त्याच्या फोटोवर लाल गोल काढून तो गटाचं चिन्ह म्हणून लावला गेला. दोन दिवस तसाच होता. पुढच्या मोठ्या वळवाला हा पोरगा एकटाच दंडोबाच्या डोंगरावर गेला. धातूचा ट्रायपॉड, भोवती उघडा माथा, आणि व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतंय की वीज चमकल्यावर चार-पाच सेकंदांत कडाडतंय. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे वीज दीड किलोमीटरवर पडत होती. व्हिडिओच्या शेवटी तो म्हणतो, ‘अंगावर केस उभे राहिले!’ विजेच्या वेळी उघड्यावर केस उभे राहणं ही शेवटची सूचना असते. आणि त्या व्हिडिओखाली, ज्यांनी त्याला हसून हसून घालवलं होतं त्यांनीच लिहिलं, ‘आता खरा चेसर झालास.’

मला त्या वाक्याची भीती वाटते. चुकलेल्या फोटोला हसायचं आणि जीव धोक्यात घातल्यावर पाठ थोपटायची, हे नव्या पोरांनी शिकलं तर पुढच्या वेळी तो कुठे उभा असेल?

आमच्यातले जाणते लोक बोलण्यात नेहमी अमेरिकेचे दाखले देतात. मीही तिथलं पुष्कळ वाचलंय. डेव्हिड होडली १९५६ पासून नॉर्थ डकोटात वादळांच्या मागे जायला लागले आणि १९७७ मध्ये त्यांनी पाठलाग करणाऱ्यांसाठी एक पत्रक सुरू केलं. म्हणजे या छंदाची जुनी माणसं आपलं पाहिलेलं वाटून घेणारी होती. आणि ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोजवळचा टोर्नेडो चार किलोमीटरहून जास्त रुंद झाला तेव्हा त्यात टिम सॅमारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग मृत्युमुखी पडले. सॅमारस हे वादळांच्या वाटेत मापनयंत्रं ठेवणारे, जपून काम करणारे म्हणून ओळखले जात होते. आमच्या गटात हे उदाहरण नवख्यांना ‘तुम्ही कोण लागून गेलात’ असं सुनवायला वापरतात. मला त्यातून उलटंच दिसतं. इतक्या अनुभवी माणसाला जिथे माघार घ्यायला वेळ मिळाला नाही, तिथे जवळ जाण्याला शाबासकी देणंच बंद व्हायला हवं.

तर माझे प्रश्न. गटाचे जे प्रमुख आहेत ते निवृत्त शिक्षक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. रडार वाचायला मला त्यांनीच शिकवलं. ते स्वतः कुणाला हसत नाहीत, पण थांबवतही नाहीत. त्यांच्याशी हे कसं बोलावं, म्हणजे तक्रार वाटणार नाही? दुसरं, गारपिटीच्या आणि विजांच्या खबरांसाठी वेगळा गट काढणं योग्य की ती फूट पाडल्यासारखी होईल? आणि त्या मुलाला कसं समजवावं? मीही त्याला खोटं पाडतेय असं त्याला वाटलं तर तो माझंही ऐकणार नाही.

प्रतिसाद १

ताई, मी पक्षीनिरीक्षणवाला, कराडचा. आमच्याकडे हेच सगळं होतं, जागा लपवणं, लेन्सवरून माणूस जोखणं, सगळं. आम्हाला एका गोष्टीने फरक पडला. नोंद आणि फोटो वेगळे केले. नोंदींच्या जागी फोटो चांगला की वाईट यावर बोलायचंच नाही, फक्त कुठे, कधी, किती. तुमच्यात तर हे आणखी सोपं आहे. गारेशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायला सांगा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. फोटो कितीही हललेला असला तरी आकार कळतो.

प्रतिसाद २

राग मानू नका, पण दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. त्या दिवसांत कुठले कुठले जुने व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरत होते आणि आमच्या घरातली म्हातारी माणसं रात्रभर जागी होती. जरा मोठी सर आली की ‘ढगफुटी’ लिहितात, वास्तविक तासाभरात १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर हवामान खातं त्याला ढगफुटी म्हणतं. चुकीचं लिहिणाऱ्याला कडक शब्दांत थांबवणारे जुने लोक नसतील तर गट अफवांचा अड्डा होतो. त्या मुलाचं फनेल कुणी बातमी म्हणून पुढे पाठवलं असतं तर?

प्रतिसाद ३

माझी पण शेड आहे, सोनीजवळ. आम्हाला फोटो नको, फोन हवा. तुमच्या त्या काकांना भेटायला जा. फोनवर नको, घरी जा. आमची माणसं एकदा मनातून उतरली की निरोपाने परत येत नाहीत.

धागालेखिका

तिघांचेही आभार.

दुसऱ्या प्रतिसादाचं म्हणणं मला पटतं आणि त्यावर मी पुष्कळ विचार केला. चूक दुरुस्त झालीच पाहिजे, ती सगळ्यांसमोर झाली पाहिजे, कारण चुकीचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण ‘हे फनेल नाही, फिरतंय का ते दोन मिनिटं बघ, फिरत नसेल तर फाटका ढग’ असं लिहिलं तर अफवाही थांबते आणि वाचणाऱ्या पन्नास जणांना एक गोष्ट कळते. लाल गोल काढून चिन्ह लावल्याने कुणाला काय कळलं? कडकपणा माहितीबाबत असावा, माणसाबाबत नको, एवढंच मी सरांना सांगणार आहे. त्यांच्यासमोर त्या मुलाचा व्हिडिओ ठेवून चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजून दाखवेन. ते शिक्षक आहेत, त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही असं वाटतं. गटासाठी एकच पक्का नियम मागणार आहे: चमक आणि आवाज यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असताना उघड्यावर उभं राहून काढलेल्या कुठल्याही व्हिडिओला कौतुक नाही, मग तो कुणाचाही असो, सरांचा असला तरी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गाडीतून उतरायचं नाही, हेही त्यातच.

मुलाला मी पुढच्या वेळी माझ्या गाडीतून यायला सांगितलंय. काच बंद ठेवून, आतून टाइमलॅप्स. तो ‘बघतो’ म्हणालाय.

काकांकडे रविवारी जाऊन आले. त्यांनी चहा दिला, शेड दाखवली, गटाचा विषय मात्र काढू दिला नाही. निघताना एवढं म्हणाले, ‘लिहायला जमत नाही बाई, बोलून सांगता आलं तर बघू.’ म्हणून आता नवा प्रश्न. खबरांचा वेगळा गट केला आणि त्यात फक्त आवाजी निरोप चालतील असं ठेवलं, तर वीस-तीस शेडवाल्यांच्या निरोपांतून गाव आणि वेळ लगेच कशी वेगळी काढायची? शेतकरी गटांत किंवा पुराच्या वेळी कुणी असं चालवलं असेल तर कृपया पद्धत सांगा. ऐकून लिहून घ्यायला एक माणूस लागेल का, की बोलणाऱ्यानेच आधी गावाचं नाव घ्यायचं एवढं ठरवलं तरी पुरतं?